कोई हरकत नहीं

जे आता लिहितो आहे ते मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आमच्या पालिकेच्या परवाना खात्यात ‘पता ही नहीं चलता मराठी है’ असं जे माझ्याबद्दल कौतुकानं बोललं जातं, ते माझं कौतुक एका पराठेवाल्या बाईंनी वाचवलेलं आहे. भर सुनावणीत खोटं बोलून आणि स्वतःचं नुकसान करून घेऊन. खोटं त्या बोलल्या. मी नुसता उभा होतो.

मी दिल्लीला चिकटलेल्या एका शहरात लायसन्स इन्स्पेक्टर आहे. शहराचं नाव राहू दे. मूळचा सातारा जिल्ह्यातला. दिल्लीत आलो होतो कलेक्टर व्हायला. सगळे प्रयत्न संपले, वयाची अट संपली, आणि गावी काय तोंड दाखवायचं म्हणून समोर येईल ती परीक्षा देत सुटलो, त्यातली ही एक लागली. बायको केंद्र सरकारात आहे, तिच्या नावावर आर. के. पुरमचं क्वार्टर आहे. सकाळी सगळी मेट्रो दिल्लीच्या दिशेनं भरून येते आणि मी उलटा जातो, त्यामुळे रोज बसायला जागा मिळते. माझ्या नोकरीचा थाट म्हणायचा तर एवढाच.

नव्यानं रुजू झालो तेव्हाच्या एका बैठकीत मी म्हणालो होतो, ‘‘सर, जो दुकानदार बिना लाइसेंस बैठा है, उसको शिक्षा मिलनी चाहिए.’’ आमचे सुपरिटेंडेंट रोहतककडचे, जिभेला धार असलेले. ते लगेच म्हणाले, ‘‘बिल्कुल मिलनी चाहिए. पहली क्लास में दाखिला करा दो.’’ सगळं खातं हसलं. शिपाई दाराबाहेर जाऊन हसला. मला कळेचना काय झालं. आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड, त्यांच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. पुढे कित्येक महिने मी दिसलो की कुणी ना कुणी विचारायचं, ‘‘मास्टर जी, आज किसको पढ़ाया?’’

त्या दिवसापासून मी हिंदी घासायला घेतली. चेष्टा म्हणजे तिकडे प्रयत्न, राग म्हणजे सूर, संशोधन म्हणजे दुरुस्ती, हे सगळं एकेक करून पाठ केलं. बसमध्ये, चहाच्या टपरीवर लोकांची वाक्यं ऐकायची आणि मनात म्हणून बघायची. काही वर्षांनी अशी वेळ आली की नवा माणूस मला विचारायचा, ‘‘सर, आप मेरठ साइड के हो?’’ त्या प्रश्नानं मला प्रमोशनपेक्षा जास्त आनंद व्हायचा. खोटं कशाला बोलू?

पण एक शब्द माझ्या हातून सुटला होता. इतका घरचा, की तो तपासून घ्यावा असं कधी वाटलंच नाही. गावी वडिलांचं वह्या-पेनांचं दुकान होतं. दुकान वाढवायचं ठरलं तेव्हा शेजाऱ्यांचे ना हरकत दाखले गोळा करत मी त्यांच्याबरोबर दारोदार हिंडलो होतो. प्रत्येक दारात शेजारी चहा पाजायचे आणि सही करताना म्हणायचे, ‘‘आमची काय हरकत असणार?’’ परवाना म्हटलं की माझ्या कानात तो शब्द आधी वाजतो. हिंदीत त्याला अनापत्ती म्हणतात. मला ते ऐकताना पूर, भूकंप असलं काहीतरी टळल्यासारखं वाटायचं.

आता त्या बाईंकडे येतो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं स्वतःचं बैठं घर आहे. पुढच्या खोलीत तवा मांडून त्या पराठे करायच्या. त्यांचे यजमान मानेसरला जाणारी कंपनीची बस चालवायचे. पहाटे ती बस गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची. बसमध्ये चढायच्या आधी कामगार बाईंकडे खायचे, दुपारचं बांधून घ्यायचे. नवऱ्याची बस आणि बायकोचा तवा, असा तो जोडधंदा. सकाळी नऊच्या पुढे तिथं कुणी फिरकत नसे.

मानेसरच्या एका कारखान्यातल्या ठेकेदारानं बाईंना सांगितलं होतं की रोजच्या नाश्त्याची पाकिटं तुमच्याकडून घेतो, पण पालिकेचा परवाना दाखवा. त्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. राहत्या घरातल्या खोलीत धंदा करायचा तर त्या खोलीची घरपट्टी आधी धंद्याच्या दरानं भरावी लागते, मग खाण्याच्या पदार्थांच्या अटी, मग पाहणी, आणि मग परवाना. ते सगळं त्यांनी मुकाट्यानं केलं होतं. मुकाट्यानं हा शब्द चुकला. पाहणीला मी गेलो तेव्हा पहिलं वाक्य माझ्या अंगावर आलं ते असं, ‘‘आइए साहब. घर मेरा, चूल्हा मेरा, पसीना मेरा, और कमरा हो गया कमर्शियल! सोती भी इसी में हूँ. नींद पे कौन-सा रेट लगेगा?’’

मी हसलो. अकरा वाजले असतील. शटर अर्धं खाली होतं, ऊन आत येऊ नये म्हणून. बाई आत परात घासत होत्या, दुसऱ्या दिवशीच्या बटाट्यांचं पातेलं गॅसवर होतं. पाण्याची टाकी झाकलेली, कचऱ्याचा डबा झाकणाचा, सिलेंडर दाराजवळ मोकळ्या हवेत. खरं सांगायचं तर इतकी नीट जागा मला त्या भागात क्वचितच दिसली होती. त्यांनी बसवून गोबीचा पराठा खायला घातला. मी पैसे ठेवले तेव्हा त्यांनी एकदा पैशांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

‘‘तो साहब, लाइसेंस बन जाएगा?’’

‘‘हाँ हाँ, भाभीजी. कोई हरकत नहीं.’’

त्यांनी परात खाली ठेवली. ‘‘हरकत? मैंने क्या हरकत कर दी?’’

मी गोंधळलो, मग माझ्या लक्षात आलं. मी म्हणालो, ‘‘नहीं नहीं. हम मराठी में बोलते हैं, हरकत नाही. मतलब कोई दिक्कत नहीं, मेरी तरफ से मंज़ूर.’’

‘‘अच्छा, हर्ज!’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो हर्ज बोलिए ना. हरकत तो बच्चे करते हैं, बंदर करते हैं.’’ आणि पदर तोंडाला लावून मनसोक्त हसल्या. मीही हसलो. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, कारण खात्यातलं कुणी ऐकायला नव्हतं.

इतकं लख्ख समजावून सांगितल्यावर माणसानं तो शब्द तिथंच टाकून द्यायला हवा होता. मी गल्लीच्या तोंडाशी आलो आणि फोन वाजला. सुपरिटेंडेंट साहेब होते. तुंबलेली प्रकरणं त्या आठवड्यात निकाली काढायची होती, ते एकेक पत्ता विचारत होते. मला संध्याकाळची गाडी पकडून गावी जायचं होतं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ते म्हणाले, ‘‘मुँहज़बानी बता दे, कागज़ आके लगा देना.’’ शेजारून बस हॉर्न वाजवत मागे येत होती.

‘‘वो पराठे वाला केस? देख आया?’’

‘‘देख आया सर. कोई हरकत नहीं.’’

‘‘कुछ भी नहीं? ग्यारह बजे भी?’’

अकरा वाजता म्हणजे काय, हे मला नीट ऐकूही आलं नाही आणि कळलंही नाही. मी म्हणालो, ‘‘नहीं सर, बिल्कुल नहीं.’’

झालं. त्यांच्या हिंदीत हरकत म्हणजे जशी खोडी, तशी हालचालही. त्या पत्त्यावर काहीही हालचाल नाही, धंदा चालूच नाही, असं त्यांनी समजून घेतलं आणि अर्ज बंद केला. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. मी जे बोललो त्याचा त्यांच्या भाषेत तोच अर्थ होत होता.

मी आईजवळ असताना इकडे विनापरवाना खाण्याच्या जागांवर मोहीम निघाली. बाईंचा तवा सकाळी धडधडीत चालू, हातात परवाना नाही, आणि अर्ज तर खात्यानंच बंद केलेला. पुढच्या खोलीला सील लागलं. मी परत आलो तेव्हा टेबलावर दुसऱ्याच दिवशीच्या सुनावणीच्या प्रकरणांत त्यांचा पत्ता होता. मी साहेबांना विचारलं, ‘‘सर, यह क्यों बंद हुआ?’’ ते म्हणाले, ‘‘तूने ही तो बोला था, कोई हरकत नहीं है वहाँ.’’

मला त्या क्षणी सगळं समजलं. आणि त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो की सर, माझ्या बोलण्याचा अर्थ वेगळा होता. दोन मिनिटांचं काम होतं. सील निघालं असतं. माझी नोकरी गेली नसती, मेमोसुद्धा मिळाला नसता. फक्त हसं झालं असतं. पुन्हा मास्टरजी, पुन्हा दाराबाहेर जाऊन हसणारा शिपाई. मी म्हणालो, ‘‘अच्छा सर.’’ आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसलो.

माणसं पैशासाठी गप्प बसतात, भीतीनं गप्प बसतात. मी हसतील म्हणून गप्प बसलो. हे लिहितानाही माझे कान तापले आहेत.

सुनावणीला बाई आल्या, मागे त्यांचे यजमान कंपनीच्या खाकी शर्टात. त्यांनी त्या दिवशी बसवर बदली माणूस दिला होता. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, ‘‘बहनजी, हमारा इंस्पेक्टर मौके पर गया था. इसने बताया, वहाँ कोई हरकत नहीं. दुकान चलती ही नहीं तो लाइसेंस किसका बनाएँ?’’

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

त्या खोलीत साहेब होते, स्टेनो होता, यजमान होते, इतर अर्जदार होते. त्या शब्दाचा माझा अर्थ माहीत असलेली माणसं फक्त दोन होती, आणि त्यातली एक त्या होत्या. त्यांना काय घडलं ते लगेच कळलं, हे मला त्यांच्या भुवयांवरून दिसलं. साहेब माझ्याकडे वळले. ‘‘क्यों भाई, यही बात थी ना?’’

मी तोंड उघडलं. ‘‘जी, वो... उस दिन...’’  

‘‘साहब,’’ बाई म्हणाल्या, ‘‘उस दिन मैंने जल्दी बंद कर दी थी. सिर में दर्द था.’’

यजमान मागून म्हणाले, ‘‘बंद की थी? मुझे तो बताया नहीं.’’

‘‘सब बताती हूँ क्या तुम्हें?’’

साहेब म्हणाले, ‘‘तो गलती आपकी हुई.’’

‘‘जी. मेरी हुई. दोबारा दिखवा लीजिए. चाहे इन्हीं को भेज दीजिए.’’

नवा अर्ज, विनापरवाना धंद्याचा दंड, सील काढायची वेगळी प्रक्रिया, दुसरी पाहणी. पाहणीला मी पहाटेच गेलो. बस उभी होती, माणसं उभ्यानं खात होती, तवा तडतडत होता. परवाना झाला, पण तोवर मानेसरच्या ठेकेदारानं दुसरीकडून पाकिटं घ्यायला सुरुवात केली होती. ती ऑर्डर त्यांना पुन्हा मिळाली नाही.

परवाना द्यायला मी स्वतः गेलो. म्हणालो, ‘‘भाभीजी, उस दिन आपने...’’ त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. ‘‘देखो साहब, आपसे लड़ती तो फाइल फिर किसके पास आती? आप ही के पास.’’ मग पिठाचे हात झटकत म्हणाल्या, ‘‘और आपका मुँह देखा नहीं जा रहा था. इतना बड़ा आदमी, और ऐसे खड़ा था जैसे स्कूल में पैंट गीली हो गई हो.’’

त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही आणि मीही माफी मागितली नाही. पण पुढे जे त्यांनी दिलं त्याची बरोबरी माफीनं झाली नसती. गल्लीतल्या दुसऱ्या दुकानदारांना त्या माझ्याकडे पाठवू लागल्या. चप्पल दुरुस्तीवाला आला, शिलाईवाली आली, मोबाइलवाला आला. प्रत्येकजण सांगायचा, ‘‘पराठे वाली ने भेजा है. बोली, उन साहब से दो बार पूछ लेना, वो दो बार बता देते हैं.’’ हे टोमणा मारून म्हटलेलं होतं की कौतुकानं, मी विचार करत बसलो नाही. मी खरंच दोनदा सांगू लागलो. कुठल्या धंद्याला परवाना लागतो, कुठल्याला नाही, पाटी लावायची फी वेगळी, घरपट्टीचा दर कधी बदलतो आणि कधी बदलत नाही. शेवटी समोरच्या माणसाला विचारायचं, ‘‘आप क्या समझे, मुझे बताइए.’’ खात्यात आधी कुणी हे करत नव्हतं. आता नवी पोरं माझं बघून करतात.

आणखी एक वळण लागलं ते म्हणजे पाहणीला ज्याच्या धंद्याची जी वेळ, त्या वेळी जायचं. अंडेवाल्याकडे संध्याकाळी, भाजीवाल्याकडे सकाळी. आता निम्मं काम ऑनलाइन झालं, लोक घरबसल्या स्वतःच लिहून देतात आणि परवाना निघतो. पाहणी कमी झाली. तरी जिथं जायचं तिथं मी तसाच जातो. एखाद्या जागेची भट्टी पेटलेली बघितली की मला बरं वाटतं. नोकरीबद्दल मला इतकी वर्षं फक्त हुकल्याची खंत होती, कलेक्टर व्हायचं होतं आणि हे झालं. ती खंत कधी गेली ते कळलं नाही, पण कुणामुळे गेली ते कळतं. मी या शहराचा, या कामाचा झालो तो त्या बाईंच्या दारात.

हरकत हा शब्दही त्यांनी मला परत दिला. पाहणीच्या फेरीत त्यांच्या दारावरून जाताना त्या तव्यावरून मान वर न करता ओरडतात, ‘‘कहिए साहब, कोई हरकत?’’ मी म्हणतो, ‘‘नहीं भाभीजी, बिल्कुल नहीं.’’ बाकीच्या गिऱ्हाइकांना त्यात काही विशेष वाटत नाही. आम्ही दोघंही मनापासून हसतो. ज्याच्या भीतीनं मी गप्प बसलो होतो ते हसणं हेच होतं, आणि ते इतकं साधं होतं.

इथवर लिहून थांबलो असतो तर मलाही बरं वाटलं असतं. पण गेल्या थंडीत काय झालं ते सांगितल्याशिवाय हे खरं होणार नाही.

मुलीच्या कॉलेजला सुट्टी होती. सकाळी तिला घेऊन मी बाईंकडे गेलो. ती इथंच वाढलेली, तिच्या मराठीत निम्मी दिल्ली. वाटेत विचारत होती, ‘‘बाबा, यार, इतक्या लांब फक्त पराठ्यासाठी?’’ बाईंचे यजमान आता निवृत्त झाले आहेत, गल्ल्यावर बसतात. मोठा गप्पिष्ट माणूस. मुलगी पराठा खाऊन म्हणाली, ‘‘अंकल, इतना अच्छा है, आप लोग बड़ा क्यों नहीं करते? फैक्टरीज़ को सप्लाई करो ना.’’

‘‘अरे बेटा,’’ ते म्हणाले, आणि त्यांच्या सुरावरून मला कळलं की ही गोष्ट त्यांनी शंभरदा सांगितलेली आहे, ‘‘मानेसर का पूरा ऑर्डर आ रहा था. आज अपनी तीन गाड़ियाँ होतीं. पर जिस दिन तुम्हारे पापा जाँच करने आए, मैडम के सिर में दर्द हो गया! शटर गिरा के सो गईं. एक सिरदर्द मानेसर खा गया.’’

बाकावरचे दोघं-तिघं हसले. ठरलेला विनोद असावा. त्यांची सून आतून म्हणाली, ‘‘पापाजी, फिर शुरू हो गए.’’

बाई पराठा लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. ‘‘हाँ जी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मेरा ही सिर था, मैं ही जानूँ.’’

माझी मुलगी हसली. आणि मीही हसलो. आजूबाजूला सगळे हसत होते, म्हणून.

म्हणजे इतकी वर्षं हे असं चाललं होतं. सुनावणीतलं एक वाक्य त्या बोलल्या आणि घरी घेऊन गेल्या, आणि तिथं ते संपलंच नाही. सून आली तिलाही तेच सांगितलं गेलं. पाहुण्यांना सांगितलं जातं. त्या माणसाला बायकोचा राग आहे असं नाही, तो प्रेमानंच बोलतो, पण त्याला मनापासून वाटतं की आपलं राहून गेलं ते हिच्या आळसामुळे. बाईंना एका वाक्यात हे थांबवता आलं असतं. थांबवलं नाही, कारण मग माझं नाव निघालं असतं.

परतताना मुलगी मेट्रोत माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, ‘‘आंटी कसल्या कूल आहेत ना, बाबा?’’ मी म्हणालो, हो. 

माझ्यावर इतक्या माणसांचे उपकार आहेत. आईवडिलांचे, बायकोचे, मला भाड्याची खोली देणाऱ्या मुनिरक्याच्या म्हातारीचे. त्या सगळ्यांना मी कधी ना कधी तसं बोलून दाखवलं आहे. या बाईंना नुसतं बोलून भागणार नाही. त्यांच्या घरच्यांसमोर, नवऱ्याला आणि सुनेला ऐकू जाईल असं, त्या दिवशी त्यांचं दुकान उघडं होतं, त्यांचं डोकं दुखत नव्हतं, आणि मानेसरची ऑर्डर माझ्यामुळे गेली, हे मला सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.